'बसू नये' असं लिहिलेला सोफा

मी सोफा बोलतोय. लाल, तिघांना पुरेल एवढा. खरं तर दोघांचाच, पण ते ओघात कळेल.

मला लिहितावाचता येत नाही. शिकवायला कोणी बसलं नाही. जो बसला तो आपल्या कामाला बसला. मला एकच विद्या येते. माणूस बसला की तो कसा आहे ते कळतं. कोणी टोकावर टेकतो, कोणी पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घालतो, कोणी आधी हाताने जागा झटकतो. तोंडाने माणूस काहीही बोलेल. बसताना त्याला सोंग जमत नाही.

एवढं कळत असून एक गोष्ट मला आजवर उमगलेली नाही. आमचं चॅनेल एकदा बंद पडलं, पुन्हा मोठ्या थाटात सुरू झालं, आणि पुन्हा बंद पडलं. पहिलं जाऊ द्या. दुसऱ्यांदा का पडलं? मी तिथेच होतो. सगळं डोळ्यांदेखत झालं. तरी छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि हे मला शोभत नाही.

मला एका सुताराने घडवलं. माणूस अबोल. चौकट जड लाकडाची केली, स्प्रिंगा बसवल्या, वर गोणपाट, वर कापूस, वर लाल कापड. काम झाल्यावर स्वतः बसून पाहिलं, उठला आणि म्हणाला, "मला पुरून उरेल हा." एवढंच कौतुक. मला ते जन्मभर पुरलं.

मी होतो एका हॉटेलच्या बैठकीसाठी. ते हॉटेल उघडलंच नाही. मग मला चॅनेलवाल्यांनी उचललं. चॅनेल होतं व्हिडिओ गेमचं. दिवसभर टीव्हीवर गेम. कोणीतरी खेळतंय आणि लोक आपापल्या घरी बसून बघतायत. मला वाटलं, चेष्टा करतायत. स्वतः खेळायचं सोडून दुसऱ्याचा खेळ कोण बघेल? पण बघत होते.

माझ्यावर बसायला आली दोन सख्खी भावंडं. बहिणीला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. भावाचा चष्मा जाड होता म्हणून तो ढापण्या. टीव्हीवरही तेच नाव. ताई माझ्या डाव्या हाताशी, ढापण्या उजव्या हाताशी. मधे कोणी नाही. मधे बिस्किटांचा पुडा.

खेळायचा रिमोट एकच होता. हे कोणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. लहानपणी घरी त्यांच्याकडे एकच होता, आणि त्यांचा नियम होता की गेममधला जीव गेला की रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा. कुरकुर चालणार नाही. तोच नियम ते इथे घेऊन आले.

ढापण्याला खेळता येत नव्हतं. मी कोणाची भीड ठेवत नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. त्याचं मन मोठं होतं, पण बोटं जड होती.

"डावीकडे! अरे गाढवा, डावीकडे!"

"ताई, तू गप गं. माझं मी बघतो."

"बघतोस कुठे? पडलास. आण इकडे."

"तू बडबडलीस म्हणून पडलो."

"हो, आणि काल पडलास तेव्हा मी शेजारच्या गावाला होते. आण म्हणते ना!"

ताई घेऊन खेळायची आणि तीही थोड्या वेळाने पडायची. मग ढापण्या इतका आनंदाने हसायचा की माझ्या स्प्रिंगा वाजायच्या. घाबरला की तो नखाने माझ्या उजव्या हाताचं कापड कुरतडायचा. कुरतडून कुरतडून त्याने ते फाडलं. ताईने काळ्या दोऱ्याने शिवून टाकलं. लाल कापडावर काळा दोरा! पण तिच्याजवळ तोच होता. माणसाच्या अंगावर एखादा व्रण असावा, सोफ्याच्याही.

ताईच्या बाजूला माझ्या हातावर टेलिफोन ठेवलेला असायचा. पोरं फोन करायची. "ढापण्यादादा, उडी उशिरा मारा हो." एक आजोबा रोज फोन करायचे. "तुम्हांला दुसरा उद्योग नाही का?" ताई म्हणायची, "नाही आजोबा. तुम्हांला?" मग आजोबा जरा थांबून विचारायचे, "तो पूल ओलांडला का त्याने?"

तो पूल म्हणजे एका गेममधला तिसरा पूल. त्यावर एक राक्षस उभा असतो. भावंडं कितीतरी महिने त्या पुलापाशी अडली होती. शेवटच्या दिवशी ढापण्या राक्षसाच्या अगदी पायाशी पोचला आणि पडला. रिमोट ताईकडे द्यायचा, तेवढ्यात वेळ संपली.

"उद्या तुझी पाळी," ढापण्या म्हणाला. गेम कुठे थांबला हे लक्षात ठेवणारं छोटं मेमरी कार्ड त्याने नेहमीसारखं खिशात टाकलं.

उद्या आलाच नाही. सकाळी दाराला कुलूप होतं. चॅनेल विकलं गेलं होतं. का, ते मला कोणी सांगितलं नाही. सोफ्याला कोण सांगतं?

त्यानंतर मी गोदामात होतो. किती वर्षं ते मोजलं नाही. अंगावर ताडपत्री. कुशीत उंदीर. त्याबद्दल जास्त बोलणार नाही. रडगाणं गाणारा मी नव्हे.

एक दिवस ताडपत्री निघाली. समोर साहेब उभे होते, नवे मालक. लहानपणी हे चॅनेल बघत मोठे झालेले. त्यांनी माझ्या पाठीवर इकडून तिकडे हळूच हात फिरवला. "हाच तो," म्हणाले. "हाच तो लाल सोफा." खोटं वाटलं नाही. पण ते बसले नाहीत. मी वाट बघत राहिलो.

त्यांनी मला गादीकाम करणाऱ्याकडे पाठवलं. जुनं कापड काढलं, कापूस काढला, फोम भरला. ताई आणि ढापण्याच्या बसण्याने माझ्यात दोन खड्डे पडले होते, ते गेले. मी सपाट झालो. आणि आता ऐका, कारण इथे मी पहिल्यांदा गोंधळलो. नवं कोरं कापड चढवल्यावर साहेबांनी सांगितलं, ते फाडा. जुन्या फोटोत दिसतं तसं फाडा आणि काळ्या दोऱ्याने शिवा. लोकांना ओळख पटली पाहिजे.

गादीवाला म्हणाला, "साहेब, फाटकं काढून चांगलं घालतात. मी चांगलं फाडून शिवू?"

"हो."

"बरं. फोटो द्या."

फोटो दिला तो एका जुन्या जाहिरातीतला. त्या जाहिरातीत अक्षरांना जागा हवी म्हणून फोटो आरशातल्यासारखा उलटा, डावं उजवीकडे करून छापलेला होता. गादीवाल्याने बघून बघून, टाका न् टाका मोजून, हुबेहूब व्रण शिवला. माझ्या डाव्या हातावर.

नवा स्टुडिओ म्हणजे राजवाडा. भिंतीभर पडदे, छताला दिवे. मला मधोमध एका चौथऱ्यावर ठेवलं, भोवती जाड दोरी बांधली आणि पुढे पाटी लावली. पाटी मला वाचता आली नाही. फरशी पुसायला मावशी होत्या, जुन्या स्टुडिओतही त्याच होत्या. त्यांनी मोठ्याने वाचली.

"बसू नये." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता काय, हार घालायचा राहिलाय तुला."

खेळणारे बसायचे माझ्या पुढे, चाकांच्या उंच खुर्च्यांत. प्रत्येकाला वेगळी खुर्ची, वेगळा रिमोट, कानावर झाकणं. मी त्यांच्या पाठीमागे. टीव्हीवर त्यांच्या डोक्यांच्या मधून माझा लाल तुकडा दिसायचा म्हणे.

ताई परत आली. मधल्या काळात ती बस स्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारायचं काम करत होती. कायमची नोकरी. ती सोडून आली, कारण साहेबांनी शब्द दिला होता की ढापण्यालाही घेऊ. "आधी तू ये. सुरू होऊ दे. मग त्याला घेतोच." ताईने विश्वास ठेवला. तिला चॅनेलचं फार काही नव्हतं. तिला माझ्यावर भावाशेजारी बसून तो तिसरा पूल ओलांडायचा होता. हे ती मावशींना म्हणाली, मी ऐकलं.

पहिल्याच दिवशी दोरीपाशी उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं. "हे इकडे कसं?" म्हणाली. "ढापण्या तर तिकडे बसायचा." कोणीतरी म्हणालं, "काय फरक पडतो ताई, टीव्हीवर छान दिसतं."

ढापण्याला बोलावलं, पण परीक्षेसाठी. आता तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं, शेजारी चॅम्पियनला. चॅम्पियन म्हणजे एक तरणा मुलगा, बक्षिसं जिंकलेला. ढापण्याने रिमोट हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "एवढी बटणं? विमान चालवायचंय का?" आणि पहिल्या वळणावरच पडला. स्वतःच मोठ्याने हसला. सवयीने रिमोट शेजाऱ्यापुढे केला. चॅम्पियनने त्याच्याकडे पाहिलं. "माझ्याकडे आहे काका," म्हणाला.

ताई एकटीच हसली. बाकी कोणी हसलं नाही.

साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तो हरतो गं."

"तो हरायचाच, साहेब. तुम्हीच तर बघायचात."

"तेव्हा आम्ही लहान होतो. आता लोकांना खेळ चांगला लागतो. बघू. बघणाऱ्यांचे आकडे येऊ देत, मग त्याला घेऊ."

जाता जाता ढापण्या माझ्यासमोर थांबला. हात खिशात. डाव्या हातावरचा व्रण बघून म्हणाला, "हे कोणी फाडलं?"

मावशी म्हणाल्या, "पगारी माणसाने."

दोरी ओलांडली असती तर मी त्याला ओळख दिली असती. पण तो शिस्तीचा. पाटीवर बसू नये लिहिलंय म्हटल्यावर बसला नाही.

त्या दिवसापासून भावंडांचं बोलणं तुटलं. "आमची दारं समोरासमोर आहेत मावशी," ताई सांगत होती. "मी बाहेर आले की तो दार लावून घेतो. त्याला वाटतं, मी त्याला मागे टाकून पुढे गेले. त्याला कसं समजावू? मी इथे आले तीच त्याच्यासाठी."

मावशींनी फडका पिळला. "साहेबांना विचार."

ताई विचारत राहिली. साहेब आकडे बघत राहिले. आकडे खाली जात होते. म्हणजे ढापण्याचं येणं लांबत होतं, आणि चॅनेलही खचत होतं, आणि साहेब रोज काहीतरी नवीन काढत होते. दिवे बदलले. खुर्च्या बदलल्या. गाणं बदललं. बघणाऱ्यांचं म्हणणं आता फोनवर येत नसे, एका पडद्यावर अक्षरं धावायची, इतकी भराभर की ताई एक वाचेपर्यंत दहा निघून जायची. ती सवयीने म्हणायची, "थांबा थांबा, हे काय म्हणाले?" थांबायला तिथे माणूस नव्हता.

चॅम्पियन उत्तम खेळायचा. त्याच्यावर माझा राग नाही. पडायचाच नाही, पडला तरी तेवढा भाग कापून टाकायचे. ताई शेजारी बसून काय बोलणार? "डावीकडे" म्हणेपर्यंत तो डावीकडे जाऊन परतही आलेला असायचा.

मग साहेबांना मी आठवलो. "ताई, जुन्या आठवणी सांग. सोफ्यावर बसून. लोक रडतील." दोरी सोडली. ताई आली आणि डाव्या हाताशी बसली. उजवीकडची जागा मोकळी. किती वर्षांनी माझ्यावर ओळखीचं माणूस बसलं, पण आत फोम. तिला खड्डा सापडेना, मला ती सापडेना.

"मधे बस," साहेब म्हणाले. "एका बाजूला रिकामं दिसतंय."

"रिकामं आहेच ना, साहेब."

"मधे बस गं, ताई."

ती मधे बसली. मधे आजवर फक्त बिस्किटं बसली होती. तिने दोन वाक्यं बोलून पाहिली, मग म्हणाली, "मला आठवत नाही काही," आणि उठली. माझ्यावर तिचं ओझं असं होतं की जणू उभीच होती.

पुढे फार दिवस लागले नाहीत. एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की संपलं. मग जो तो कारण सांगू लागला. साहेब म्हणाले, "लोक बदलले." कॅमेरावाला म्हणाला, "आपल्याला यायला उशीर झाला." चॅम्पियन म्हणाला, "मला खेळताना लोक फोनवर बघतातच. त्यासाठी टीव्ही कोण लावेल?" मावशी म्हणाल्या, "माझा नातू लावायचा. बघून म्हणायचा, आजी, ही माणसं बोलतात तरी कोणाशी?"

मी प्रत्येकाचं ऐकलं. प्रत्येकाचं पटलं. गोंधळ झाला तो त्यामुळेच.

मला स्वतःला वाटलं होतं की ढापण्याला घेतलं असतं तर चाललं असतं. पण मग आठवलं, पहिल्या वेळी तो होता. रोज बसत होता, रोज हरत होता, आजोबा रोज फोन करत होते. तरीही बंद पडलंच. मग त्याचं काय? आणि साहेब? त्या माणसाचं चॅनेलवर प्रेम होतं, पाठीवरून फिरलेला त्याचा हात मला आठवतो. प्रेम असून तो एकदाही माझ्यावर बसला नाही. यातलं कशाला काय जोडायचं ते मला जमत नाही.

सामान निघू लागलं. मला भंगारात द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात ताई म्हणाली, "मी नेते." तिने फोन लावला. उचलला जाईपर्यंत ती माझ्या फाटलेल्या हातावर बोट फिरवत होती.

"सोफा टाकून देतायत," ती म्हणाली. एवढंच. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं."

ढापण्या टेम्पो घेऊन आला. ताईशी बोलला नाही. हमालांशी बोलला. "सांभाळून. आडवा धरा."

त्यांच्या इमारतीत मला वरच्या मजल्यावर चढवलं. हमाल घामाघूम. ताईच्या दारात मी अडकलो. माझे हात रुंद, दार अरुंद. उभा केला, तिरका केला, पाठीवर घातला. मी काही जाईना.

"समोरच्या दारातून बघा," हमाल म्हणाला.

"तेही एवढंच आहे," ढापण्या म्हणाला.

"मग हात कापावे लागतील याचे."

"हात कोणी लावायचा नाही त्याच्या हाताला," दोघंही एकदम ओरडली. मग एकमेकांकडे बघितलं. हमाल हसले, मला तिथेच दोन दारांच्या मधे टेकवलं आणि निघून गेले.

भावंडं उभी राहिली. शेवटी ताईच म्हणाली, "बस ना. इथे पाटी नाही."

ढापण्या माझ्या उजव्या हाताशी बसला. ताई डाव्या हाताशी. ढापण्याचं नख आपोआप माझ्या उजव्या हाताकडे गेलं. तिथलं कापड धड होतं. तो थबकला.

"चांगलं आहे की इकडे."

"तुझी वाट बघत होतं," ताई म्हणाली.

तो उठला. मला वाटलं, गेला. आता दार लावून घेईल. दाराआड काहीतरी ओढल्याचा आवाज आला. त्याने आपला जुना जाड टीव्ही उंबऱ्यापर्यंत ओढत आणला. मग एक जुना गेमचा खोका, वायरी, आणि एकच रिमोट. शेवटी खिशातून ते मेमरी कार्ड काढलं. कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते. खिशात वागवल्याशिवाय कोपरे असे झिजत नाहीत.

पडद्यावर तिसरा पूल आला. राक्षस जसाच्या तसा उभा. ढापण्याने रिमोट ताईपुढे केला.

"घे. तुझी पाळी राहिली होती."

ताईने घेतला. ती राक्षसाच्या पायाखालून गेली, उडी मारली आणि पडली.

"उशिरा मारायची असते!" ढापण्या ओरडला. "आजोबा किती वेळा सांगायचे!"

"आजोबा तुला पूल विचारायचे. उशिरा मारा ते पोरं सांगायची."

"कोणी का असेना! आण इकडे."

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. एक बाई भाजी निवडता निवडता उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "डावीकडे!" मी मनात म्हटलं, आता यांना कोणी शिकवलं?

तर मी आता इथे असतो, दोन दारांच्या मधे. ताई पुन्हा बस स्थानकावर गाड्या पुकारते, या वेळी हंगामी म्हणून. ढापण्या चष्मे विकतो. पूल अजून ओलांडलेला नाही. नवा फोम आता बसू लागलाय. उजवीकडे खड्डा पडतोय, डावीकडेही पडेल. नव्या उजव्या हातावर नखाचे ओरखडे उठलेत, म्हणजे लवकरच खरा व्रण येईल. खोटाही आहेच, दुसऱ्या बाजूला. लोकांना काय खरं, काय खोटं ते कळेनासं होईल. होऊ दे.

इमारतीतल्या काहींची तक्रार आहे की मी वाट अडवतो. अडवतो, कबूल. पण मला हलवू नका. मी आजवर जितक्यांदा हललो, तितक्यांदा निमित्त चॅनेलच होतं, आणि हे जे चॅनेल, ते सुरू का झालं आणि बंद का पडलं ते मला अजून कळायचंय. तुमच्यापैकी कोणाला कळलं असेल तर जिना चढून या आणि मला सांगा.

मात्र उभ्याने सांगू नका. आधी बसा. मग मला कळेल, तुम्ही खरं बोलताय की नाही.